केरबाच्या पाठीवरची पट्टी

मी एक पट्टी आहे. दुखणाऱ्या माणसाच्या अंगाला चिकटवायची. माझं आयुष्य तीन दिवसांचं. पण दुसऱ्याच दिवशी ते आटोपलं.

माझ्यात अफूच्या गोतातलं औषध आहे. ते मी सावकाश सोडायचं. कातडीतून चरबीत, चरबीतून रक्तात, तिथून मेंदूकडे. दुखण्याची हाक तिथं बोथट होते. यकृत मग औषधाचे तुकडे करतं आणि ते लघवीवाटे जातात. पण त्याच औषधानं आतडी सुस्तावतात, डोळे जडावतात, श्वासही मंदावतो. म्हणून मला पहिल्यापासून धास्ती.

केरबाच्या पाठीच्या हाडांत कर्करोग. चाळीस वर्षं तो शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीसमोर राबलेला. माझ्याआधीच्या पट्ट्यांनी दुखणं हलकं केलं होतं, पोट मात्र बांधून टाकलं होतं. मला लावल्याच्या दुसऱ्या दिवशी गारठ्यानं त्याची पाठ आवळली.

"अवं, वीट तापवून शेकू व्हय?" त्याची बायको बायडाबाई म्हणाली.

"शेक की. भट्टीम्होरं हयात गेली, मला काय चटका बसतुय?"

"बसला तर वरडू नगा. शेजारीण लगीच येती बघाय."

फडक्यात गुंडाळलेली वीट तिनं नेमकी माझ्यावर ठेवली. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलल्या आणि माझं औषध भराभर रक्तात उतरू लागलं. यकृत तरी किती आवरणार? मला थांबता आलं नाही. की थांबावंसं वाटलं नाही? अजून कळत नाही.

"लई बरं वाटलं," म्हणत केरबा घोरू लागला. बायडाबाई समाधानानं भाकरी थापायला गेली. घोरणं मध्येच तुटत होतं.

दुपारी मुलगी संयोगिता आली. "आई, आबांचं ओठ निळं पडल्यात!" हलवलं तरी तो उठेना. श्वास मिनिटाला सहा. तिनं वीट फेकली, मला उपटलं आणि केरबाला दवाखान्यात नेताना डॉक्टरांना दाखवायला मलाही पिशवीत घालून बरोबर नेलं.

मला काढलं तरी माझं औषध कातडीत मुरलेलंच होतं. उतारा म्हणून दिलेलं इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यावं लागलं. संध्याकाळी केरबा कण्हला, "बायडे, पाठ लई दुखतीया गं."

बायडाबाई रडता रडता हसली. "दुखू दे वं. दुखू दे."

आता मी चिकट बाजू आत करून दुमडलेली, टाकून द्यायची. उद्या डॉक्टर विचार करून दुसरी लावतील. तिच्यावर वीट ठेवू नका. तिला तिच्या चालीनं चालू द्या.