गॅस पेटला होता का?

फोटोवाल्याचं आयुष्य तयारीत गेलं. पोहायला शिकायचं म्हणून त्याने टोपी, चष्मा, टॉवेल असं सगळं घेतलं. पाण्यात पाय काही घातला नाही. स्टुडिओत माशा मारायची वेळ आली तेव्हा व्हिडिओच्या धंद्यासाठी स्टँड आणला, कॅमेरा राहूनच गेला. बायको म्हणायची, आमच्याकडे ताटं रोज मांडतात, स्वयंपाक कधीच होत नाही. तिचं हे वाक्य तोच चारचौघांत सांगून हसायचा. आपल्या फजितीचं दुसऱ्याने सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं कमी लागतं.

असा हा गडी नशेची पावडर बनवायला निघाला. एका जुन्या गिऱ्हाइकाने भरीला घातलं: तुझ्याकडे डार्करूम आहे, बाटल्या आहेत, हात रसायनांना सरावलेला आहे, मग घोडं पेंड खातंय कुठे? नेहमीसारखं ते पेंड खात बसलं असतं तर बरं झालं असतं. पण दैव आडवं आलं आणि यावेळी त्याने खरोखरच भांडं शेगडीवर चढवून गॅस पेटवला. वासाने बायको धावत आली. तिने गॅस बंद केला आणि कपाळाला हात लावून तिथेच बसली. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. गिऱ्हाईक आधीच पकडलं गेलं होतं आणि पोलिसांपुढे भडाभडा बोललं होतं.

वकिलाने कायदा सोपा करून सांगितला. सामान जमवणं ही तयारी, तिची शिक्षा थोडकी. भांड्याखाली जाळ लागला की निर्मिती सुरू झाली, मग चिमूटभर माल निघाला नसला तरी दहा वर्षं. पोलीस आले तेव्हा गॅस बंद होता आणि भांडं गरम की गार हे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. तेव्हा तुमचा आळस हाच आपला बचाव, वकील म्हणाला. फोटोवाल्याला बरं वाटलं. आळसाचं एवढं कौतुक त्याच्या घराण्यात कुणाचंच झालं नव्हतं.

बायको साक्षीला उभी राहिली. वकिलाने विचारत जावं आणि तिने टोपी, टॉवेल, स्टँड सगळं काढावं. न्यायाधीशांनी हसू लपवायला रुमाल तोंडाला लावला. आपल्या नालायकपणाची ही वरात फोटोवाला आरोपीच्या पिंजऱ्यातून मान डोलवत बघत होता.

मग सरकारी वकील उठला. पोलीस येण्याआधी गॅस पेटला होता का, एवढंच त्याने विचारलं.

ही बाई खोटं बोलत नसे. फोटो कसा आलाय असं गिऱ्हाइकाने विचारलं तर चेहऱ्यासारखाच आलाय म्हणायची; निम्मं दुकान तिच्या खरेपणाने बुडालं होतं. आता तिने कठडा घट्ट धरला. प्रश्न पुन्हा आला. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि श्वास घेतला, तेव्हा त्याला कळून चुकलं की ती शपथेवर खोटं बोलणार आहे, तेही त्याच्यासारख्या रिकामटेकड्यासाठी. त्याला तिची इतकी माया आली आणि स्वतःची इतकी लाज वाटली की विचार पुरा व्हायच्या आत तो उठून उभा राहिला.

"पेटला होता साहेब," तो म्हणाला. "मी पेटवला. बंद हिने केला."

त्याच्या वकिलाने फाइल मिटली. आपण काय बोलतोय ते समजतंय का, असं न्यायाधीशांनी विचारलं. समजतंय, तो म्हणाला, जन्मात एवढं एकच काम सुरू केलं, तेही केलं नाही म्हणून कसं सांगू? कोर्टात दोघं-तिघं हसले. बायको हसली नाही.

बाहेर व्हरांड्यात पोलीस त्याला घेऊन निघाले तेव्हा ती रागाने आडवी आली.

"मी 'नाही' म्हणणार होते. शब्द तोंडात होता माझ्या."

"दिसला मला," तो म्हणाला. "म्हणून तर घाई केली."

"घाई," ती म्हणाली. "तुम्ही." आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू तिला आवरेना.