बारावी बरणी

टेबलावर अकरा बरण्या होत्या: दहा बंद आणि एक उघडी. उघडी बरणी चवीसाठी ठेवली होती, शेजारी पेल्यात चमचे. सगळ्यांत पिवळ्या टोमॅटोचा सॉस. मावशीने तीन आठवड्यांपूर्वी त्या भरल्या तेव्हा बारा होत्या, म्हणजे सकाळपासून एक विकली गेली होती.

आमचा बाजार बारमाही आहे. ऊन असतं तेव्हा मैदानावर भरतो, थंडीत जुन्या गोदामात. थंडीत ताजा माल कमी आणि बरण्या जास्त, म्हणून समितीने मला पीएच मीटर देऊन मावशीच्या शेजारच्या कोपऱ्यात बसवलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यापासून माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलंच काम. बरणीबंद माल किती आंबट आहे ते मोजायचं; आकडा जितका कमी, तितका माल आंबट. आकडा ४.६ च्या खाली असला की माल विकायला मोकळा. वर गेला, तर हवा नसलेल्या बंद बरणीत एक जिवाणू विष तयार करू शकतो. त्या विषाला वास नसतो, चव नसते. एका वेळी केलेल्या मालातली एक बरणी तपासायची, असा नियम. मावशीची उघडी बरणी मी सकाळीच तपासली होती. ४.२.

दुपारच्या गर्दीत पाववाली हातात झाकलेली वाटी घेऊन आली. म्हणाली, "ताई, ही तुमची. स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये कधीची पडून आहे. मीच ठेवली होती, सांगायचं राहून गेलं."

मावशीने झाकण काढलं. आत लिंबाचा रस होता, काठोकाठ.

बाजाराच्या सामायिक स्वयंपाकघरात आपली भांडी आपण घासत नाही. ज्याची पाळी संपते तो बरण्या उकळत्या पाण्यात सोडून निघतो, आणि पुढच्या पाळीचा माणूस आपलं पीठ फुगेपर्यंत त्याची भांडी घासतो. पिवळे टोमॅटो गोड, त्यांना लिंबू लागतंच. घालताना चूक होऊ नये म्हणून मावशी आधी बारा वाट्यांमध्ये रस मोजून ठेवते, एका बरणीला एक वाटी. त्या दिवशी पाववालीने अकरा वाट्या घासल्या. बारावी भरलेली दिसली, तेव्हा चांगला रस कशाला ओता, म्हणून तिने झाकून फ्रीजमध्ये ठेवली.

म्हणजे एका बरणीत लिंबू नव्हतं.

मावशीने वाटी टेबलावर ठेवली आणि हात ॲप्रनला पुसत राहिली, हात कोरडे असूनही.

"विकलेली कोणी नेली?" मी विचारलं.

विकली होती पलीकडच्या टेबलावरच्या मधवाल्यांनी. मावशी चहा आणायला गेली होती तेव्हा शेजारधर्म म्हणून दोन्ही टेबलं तेच सांभाळत होते. त्यांना बरणी आठवत होती, गिऱ्हाईक आठवत नव्हतं. बाई होती, बहुतेक. निळं काहीतरी होतं अंगावर, नाहीतर पिशवी निळी असेल. मावशीने त्यांना सुनावलं, की मधमाशीच्या पायावरचा पराग कुठल्या फुलाचा ते ओळखता आणि समोरचा माणूस आठवत नाही. एरवी त्यांनी दोन तरी टोमणे परत केले असते. आज ते माना उंचावून गर्दीत निळं काही दिसतं का बघत होते.

मी म्हणाले की आत्ताच्या आत्ता माईकवरून सांगू या.

मावशीने माझं मनगट धरलं. तिचं म्हणणं असं, की उघडी चांगली निघाली, उरलेल्या अकरातली एक खराब, आणि त्यातल्या दहा तर आपल्यासमोर आहेत. ती इथेच सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. एकदा माईकवरून विष म्हटलं की या गोदामात तिची बरणी परत कोणी उचलणार नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. "आधी या बघ," ती म्हणाली. "माझ्यासाठी बघ."

तिचं गणित बरोबर होतं आणि तरी मला पटत नव्हतं. मधवाले तेवढ्यात निळ्या पिशवीच्या शोधात गर्दीत शिरले होते. मी मीटर धुतलं आणि पहिली बरणी उघडली.

४.२.

दुसरी, ४.२. तिसरी, ४.३. उघडलेली प्रत्येक बरणी विकायला बाद होत होती, तिकडे मावशीचं लक्षही नव्हतं. चौथी ४.१ आली तेव्हा ती सवयीने "चांगलं आलं" असं पुटपुटली, आणि मग तिच्याही ध्यानात आलं. टेबलावरची प्रत्येक चांगली बरणी संशय दाराबाहेर, विकलेल्या बरणीकडे ढकलत होती. मी इतकी वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत आकडे मोजले, पण चांगला आकडा येऊ नये असं कधी वाटलं नव्हतं. पाचवीला मी मनातल्या मनात म्हणत होते, खराब निघ, बाई, आता तरी खराब निघ.

४.२.

मधवाले हात हलवत परत आले. निळ्या पिशव्या त्यांना बऱ्याच भेटल्या होत्या, सगळ्यांत कांदेच. एका आजोबांनी तर चोर समजून त्यांना छत्री दाखवली होती. हे सांगताना ते हसले नाहीत. बोलता बोलता त्यांना आठवलं, की त्या बाईने सॉस तिखट नाही ना, असं विचारलं होतं. घरात लहान मूल आहे म्हणाली होती.

मावशीने सहाव्या बरणीवरचं माझं बोट बाजूला केलं.

"राहू दे," ती म्हणाली, आणि ॲप्रन न सोडताच चालू लागली.

माईक समितीच्या टेबलावर होता. मावशी वर्गातसुद्धा कधी उभी राहून बोलली नव्हती, असं आई सांगते. तिने आपलं टेबल कुठे आहे ते सांगितलं, पिवळ्या सॉसची बरणी सांगितली. "मी त्यात लिंबू घालायला विसरले," ती म्हणाली. "खाऊ नका, कोणाला देऊ नका. चूक माझी आहे. बरणी घेऊन या." हेच तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज फाटला. गोदामात इतकी शांतता झाली की लोकांच्या हातातल्या कागदी पिशव्या वाजत होत्या.

कोणी हललं नाही. मला वाटलं, गेली ती घरी, आता चमचा भरत असेल.

मग पावाच्या टेबलामागच्या बाकांवरून एक बाई उठली. निळा स्कार्फ, पुढे बाबागाडी. गाडी ढकलत ती आमच्याकडे इतक्या वेगाने आली की लोक बाजूला झाले. गाडीत बाळ झोपलेलं, गळ्यात लाळेरं बांधलेलं. गाडीच्या खालच्या जाळीत बरणी होती, तिचं झाकण उघडून परत लावलेलं.

मावशी वाकून लाळेऱ्यावर डाग शोधत होती. बाळाला दिलं का, ते मीच विचारलं.

"नाही दिलं," बाई म्हणाली. "चमचा काढला आणि हा झोपला. उठला की देणार होते." तिने जाळीतली बरणी काढून टेबलावर ठेवली. "मी पण नाही खाल्लं. त्याच्यासाठीच घेतलं होतं."

मधवाल्यांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. मावशी बाबागाडीच्या दांडीला धरून उभी राहिली. मी मीटर धुतलं, टिपलं, आणि बारावी बरणी जवळ ओढली. मीटरचं टोक सॉसमध्ये सोडलं. आकडा ४.५ वर जरा रेंगाळला, मग सावकाश चढत गेला आणि थांबला.

४.९.