सात मिनिटं हलायचं नाही

माझी थोरली जाऊ म्हणजे पायांच्या कारखान्यात राहून स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेणारी बाई, असं मी घरीदारी सगळ्यांना सांगत असे. आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला. लढाईत पाय गमावलेल्या जवानांसाठी इथे नवे पाय बनतात. थोरली मापं घेते, साचे करते. मी प्लास्टरच्या पट्ट्या भिजवून देते आणि पट्टे शिवते. बावीस वर्षं झाली.

तर गेले चार महिने ही बाई जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर पाटी धरून उभी राहत होती. 'युद्ध थांबवा. पोरं घरी आणा.' तिचा स्वतःचा पोरगा, म्हणजे माझा पुतण्या, आघाडीवर. दर रविवारी त्याला मोजे, मलम आणि लांबलचक पत्र पाठवणार, आणि सोमवारी पुन्हा पाटी!

"अगं ताई, पोरगा तिकडे लढतोय. त्याला काय वाटेल?" मी म्हणायचे.

"त्याला लिहिलंय मी. तो म्हणतो, आई, उन्हात टोपी घाल."

कपाळ माझं! मला वाटायचं, सुरू झालंय तर जिंकून संपवावं आणि तोवर प्रत्येकाने तोंडाला कुलूप लावावं. हिला लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कुणी सांगितलंय?

साहेबांना ती पाटी डोळ्यांपुढे नको होती. पण कारागिराला काढायचं तर आमच्याकडे नियम एकच आहे. ज्याचा पाय बनतोय, त्याने लेखी तक्रार करायची. एकाची पुरे. त्या मंगळवारी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "जाऊबाईंना समजवा. आजपासून येणाऱ्या प्रत्येक जवानाला तक्रारीचा कागद देणार आहे मी."

मी जाऊन समजावलं. थोरली म्हणाली, "देऊ देत की. त्यांनाही तोंड आहे."

पहिलाच जो आला, त्याचं नाव मी मनात डोंगर ठेवलं. सहा फुटांच्या वर उंची, डाव्या गुडघ्याखाली वीतभर पाय उरलेला. त्याने कुबड्या भिंतीला टेकवल्या. कागद त्याच्या खिशातून डोकावत होता.

साचा घ्यायची रीत अशी. उरलेल्या पायावर ओला सुती मोजा चढवायचा, वर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. मग कारागिराने जमिनीवर गुडघे टेकून तो पाय दोन्ही हातांत धरायचा, अंगठे गुडघ्याच्या वाटीच्या बरोबर खाली. प्लास्टर घट्ट होईपर्यंत सात मिनिटं दोघांनीही हलायचं नाही. हललं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर त्या साच्यावरचा पाय पावलोपावली टोचतो.

थोरलीने अंगठे दाबले, तोच डोंगर मला म्हणाला, "ती पाटीवाली इथेच असते ना? साहेबांनी कागद दिलाय, सही करणार आहे मी. कोणती हो ती?"

माझ्या हातातली पट्टी बादलीत पडली. वाटलं, सात मिनिटं तरी ही मूग गिळून बसेल.

"मीच," थोरली म्हणाली.

तो पाय ओढणार, तोच

"हलू नकोस!" ती एवढ्यांदा ओरडली की शेजारच्या खोलीतलं मशीन थांबलं. "शिव्या दे, सही कर, पण पाय हलवू नकोस. तुला त्याच्यावर चालायचंय."

तो थांबला. रागाने नाकपुड्या फुगल्या होत्या, पण पाय जागच्या जागी. मग बोलायला लागला. त्याच्या गाडीत सहा जण होते. चार गेले. त्यांतल्या एकाचं लग्न ठरलं होतं.

"तुमची पाटी वाचली की वाटतं, तुम्ही म्हणताय ते चौघे फुकट मेले."

इथे कुणीही म्हटलं असतं, नाही रे बाबा, माझं तसं म्हणणं नाही. मीही तेच म्हटलं असतं आणि कागद वाचवला असता.

"ते शूर होते," थोरली म्हणाली. "ज्यांनी त्यांना तिथे धाडलं, त्यांनी चूक केली. असं मला वाटतं. उद्याही वाटेल."

"आम्ही नसतो तर ती गावं उरली नसती. डोळ्यांनी पाहिलंय मी. पाय बसला की परत जाणार आहे."

"मग तर तो नीटच बसला पाहिजे."

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. थोरलीच्या नाकावरून घाम ओघळत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुढे होऊन रुमालाने पुसला. तेव्हा जवळून तिचे हात पाहिले. पोटचा पोरगा तिकडे, नोकरी या माणसाच्या खिशात, आणि ती एक शब्द मऊ करेना की एक बोट सैल सोडेना! बावीस वर्षं मी या बाईला हसत आले होते. त्या दिवशी मी नुसती बघत राहिले.

साचा उतरला. तिने आत हात फिरवला आणि म्हणाली, "छान आलाय." डोंगराने पेन मागितलं. मीच दिलं, दुसरं कोण देणार? त्याने लिहून कागद माझ्या हातात ठेवला. साहेबांकडे नेताना मी तो जिन्यात थांबून वाचला.

'बाईंचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. ते मी उद्या त्यांना फाटकावर सांगणार आहे. माझा पाय त्यांनीच करावा.'

साहेबांनी तो दोनदा वाचला, उलटा करून मागेही पाहिलं.

"बाकीच्यांना कागद द्यायचे?" मी विचारलं.

"राहू द्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत डोंगर खरोखरच हजर. हातात पुठ्ठ्याची पाटी. 'लढाई अर्धवट सोडू नका.' थोरलीपासून हातभर अंतरावर उभा राहिला आणि दोघं कडाकडा भांडले. येणारेजाणारे थांबून ऐकायला लागले. पण एका पायावर, भर उन्हात, किती वेळ उभं राहणार? त्याचा तोल जायला लागला. कुबड्या धराव्यात की पाटी?

थोरलीने त्याची पाटी काढून घेतली. मला वाटलं, आता ती भिंतीला लावून ठेवेल, उलटी. मी तर नक्कीच ठेवली असती. तिने ती उजव्या हातात उंच धरली. डाव्या हातात स्वतःची, तेवढ्याच उंचीवर. ज्या पोराला घरी आणा म्हणून चार महिने उभी होती, त्याला तिकडेच राहू द्या म्हणणारी पाटी आता तिच्याच हातात होती.

डोंगर पायरीवर बसून गुडघा चोळत होता. त्याने वर पाहिलं.

"काकू, माझी जरा कललीय."

"हो का?" थोरली म्हणाली, आणि तिने ती सरळ केली.