आखाजीच्या झोक्यातला फॉल्ट

सुकदेवच्या डोक्याचं पार दही झालं होतं. जळगावहून धुळ्याकडे जाणारी विजेची मोठी लाईन रोज भर दुपारी बंद पडायची, आणि रोज सबस्टेशनातून प्रशील साहेबांचा फोन यायचा, की फॉल्टची जागा सांगणारं यंत्र पारोळ्याच्या अलीकडचंच अंतर दाखवतंय, जाऊन बघा. बघा म्हणे! डोक्यावर उन्हाचा वणवा, पायाखाली ढेकळं, आणि मान वर करून तारा न्याहाळत चालायचं. टॉवर धड, तारा धड, भाजलेलं पाखरूसुद्धा कुठं सापडेना. यंत्र खोटं बोलतंय की आपले डोळे फुटलेत, हेच लाईनमन सुकदेवला कळेनासं झालं होतं.

लाईनखाली झाड एकच, भिकुबाईच्या शेतातला निंब. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, म्हणून सासरहून आलेल्या पोरींनी त्याला झोका बांधलेला. सुकदेव तो निंबही रोज बघायचा. शेंडा तारेच्या बराच खाली दिसायचा. जीप आली की पोरी लाजून झोक्यावरून उतरायच्या, गाणं बंद, निंब गप्प. मग सुकदेव वैतागून साहेबांना कळवायचा, की काही नाही, करा चार्ज, आणि साहेब लाईनीत परत वीज सोडायचे.

त्या दिवशीही त्यानं तेच कळवलं. साहेबांनी वर सुनावलं, की रोजच काही नाही कसं असतं? सुकदेवनं मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला, जीप पुढं पाठवली आणि कडब्याच्या गंजीमागं विहिरीवर पाणी प्यायला गेला. ओंजळ तोंडाशी नेली तोच गाणं सुरू झालं. वळून बघतो तर भिकुबाईची पोर रत्ना उभ्यानं दणादण झोके घेतेय, आणि तिच्या प्रत्येक झोक्याला निंबाचा शेंडा उन्हानं लोंबलेल्या तारेकडे उसळतोय.

त्यानं ओंजळ तशीच सोडली. साहेबांना फोन लावला तर तो एंगेज. लाईन आता कधीही चार्ज होणार होती, आणि तसं सांगणारा तो स्वतःच होता. ठेचकाळत, ओरडत तो धावत सुटला. लाईनमन भाऊ रागावले असं वाटून रत्नानं उडी मारली आणि ती आईकडे पळाली. रिकामा झोका अजून हलतच होता. वर कडाडलं आणि झाडाखाली जळक्या पानांचा सडा पडला.

लगेच साहेबांचा फोन आला, लाईन परत गेली म्हणून. फॉल्ट सापडलाय, मी सांगेपर्यंत लाईनला हात लावू नका, एवढंच सुकदेव बोलला.

मग तो बायकांवर भडकला. इतके दिवस कुणाला काहीच कसं जाणवलं नाही? तेव्हा कुठं बाहेर आलं, की दोराला झिणझिण्या येतात असं रत्ना कालच म्हणाली होती, आणि नवऱ्याची आठवण येतेय म्हणून सगळ्यांनी तिचीच थट्टा केली होती. मला का नाही सांगितलं, असं त्यानं विचारलं.

"सांगतू तर तुम्ही झोका सोडी लेतात," भिकुबाई रत्नाकडे बघत म्हणाली. "वरीसमा एकदाव येस मनी पोर."

त्याच दुपारी बंद लाईनला दोन्हीकडून अर्थिंग करून, म्हणजे तारा जमिनीला जोडून, त्यानं माणसं वर चढवली आणि निंबाचा शेंडा चांगला खाली उतरवला. झोक्याची फांदी तेवढी राखली. भिकुबाई कुरकुरतच होती. अर्थिंग निघालं, माणसं बाजूला झाली. सुकदेवनं झोका जोरात हलवून पाहिला. शेंडा तारेच्या आसपासही फिरकेना. आता खुशाल बस, काही नाही, असं तो रत्नाला म्हणाला.

रत्ना जागची हलली नाही.

"काही नही, ते तर तुम्ही रोजच सांगेत," ती म्हणाली. "पहिले तुम्हीच बठा, भाऊ."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुकदेवला हसू आलं नाही. तो फळीवर टेकला, पायानं रेटा दिला, एका हातानं दोर घट्ट धरला आणि दुसऱ्यानं फोन लावला.

"साहेब," तो झोक्यावरून म्हणाला. "करा चार्ज."