पालखीचा दहावा दिवस

माझ्या पिशवीत तीन गाठी आहेत आणि त्यांची मापं आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. एक मोसंबीएवढी, एक लिंबाएवढी, एक सुपारीएवढी. सासरे जेवता जेवता विचारतात, "मोसंबी वाढली का गो?" आणि आमटी ओरपतात.

भिवंडीजवळ राहनाळला आमचं तीन मजली घर आहे. शेतावर गोदामं उभी राहिली, दारात दोन गाड्या आल्या, हॉलमध्ये एसी बसला. पण पाळी आली की बाई मागच्या खोलीत चटईवर. स्वयंपाकघरात पाय नाही, देवघराकडे तोंड नाही, नवऱ्याच्या पलंगाला हात नाही. बाकीच्या बायकांचे चार दिवस. माझे बारा, कधी पंधरा. कलेजीच्या तुकड्यांसारख्या गुठळ्या पडायच्या. उभी राहिले की डोळ्यांपुढे काळं यायचं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठी काढून घ्या, पिशवी राहील. घरात ठरलं, आधी पोर, मग गाठी. डॉक्टर म्हणायचे, गाठी असताना पोर टिकणं अवघड. घर म्हणायचं, पोर झाल्याशिवाय पिशवीला सुरी लावायची नाही. एक राहिलं होतं, ते दुसऱ्या महिन्यात गेलं. दोष मोसंबीला कोणी दिला नाही. मला दिला.

आणि पोर पाहिजे तर नवरा जवळ येणार. प्रितेश वाईट नाही असं सगळा गाव म्हणतो. तो जवळ आला की माझ्या ओटीपोटात कोणीतरी पाट्यावर वरवंटा घासतंय असं व्हायचं. मी उशी चावायचे. एकदा स्पष्ट सांगितलं, मला फार दुखतं. तो म्हणाला, "पहिल्यापहिल्यांदा होतं तसं." लग्नाला सहा वर्षं झाली होती.

मग मी चटई धरली. रक्त थांबलं तरी उठायचे नाही. आणखी चार दिवस, आणखी सहा दिवस. सासू आक्का दारातून विचारायची, "आजून हाय?" मी म्हणायचे, हाय. कोण तपासणार? बाईच्या रक्ताकडे बघायची या घरात कोणाची छाती नाही. माझ्या खोलीला आतून कडी नव्हती, ते रक्तच माझी कडी. खोटं बोलत होते मी. लाज वाटत नाही मला त्याची.

चैत्रात गावदेवीची पालखी निघते. पालखीचा पहिला खांदा आमच्या घराचा, तीन पिढ्यांचा मान. खांदा देणाऱ्याने आधी एकवीस दिवस पाळायचं. देवळात झोपायचं, अनवाणी राहायचं, मासळी नाही, बायको नाही. पाळणूक मोडली तर मान चुलत घरात जातो, काळूरामकाकाकडे. काळूरामकाका आणि त्याची बायको हौसाकाकी वीस वर्षं त्याच्यावर डोळा ठेवून आहेत.

यंदा खांदा प्रितेशचा होता. दहाव्या दिवशी घरातली सगळी माणसं देवळात, प्रसादाच्या कामाला. मी बाहेरची, म्हणून घरात एकटी. भर दुपारी प्रितेश आला. नवं धोतर, कपाळाला गुलाल. पॉवर बँक न्यायला आलो म्हणाला. ती हॉलमध्ये होती, आणि तो आला मागच्या खोलीत.

"दहा दिवस झाले," तो म्हणाला.

"मी बाहेर आहे, प्रितेश. आणि तुझी पाळणूक चालू आहे."

"कोण बघतंय?"

मी नको म्हणाले. दोनदा म्हणाले. पुढचं मी भिंतीकडे बघत काढलं. उठल्यावर त्याने चटईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रक्त कुठंय? तू कोरडी आहेस."

तो नळावर गेला, अंघोळ केली, धोतर बादलीत टाकून दुसरं नेसला. जाताना म्हणाला, "तू माझं सांगू नको, मी तुझं सांगत नाही." अकरा दिवसांनी त्याने पालखीला खांदा दिला, बायकांनी त्याच्या पायांवर पाणी घातलं. मीही घातलं.

पुढचे तीन महिने कधी रक्त, कधी नाही. मला वाटलं गाठींचेच खेळ. जुलैत अशी कळ उठली की मी बाथरूमच्या फरशीवर आडवी झाले. तेव्हा कुठे आक्का आणि प्रितेश मला भिवंडीच्या हॉस्पिटलात घेऊन गेले.

डॉक्टर नीरजांनी पोटावरून मशीन फिरवलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. "हे बाळाचे ठोके. आणि ही तुमची मोठी गाठ. बाळाबरोबर तीही वाढली, तिला रक्त पुरत नाही, म्हणून ती आतून मरतेय. कळा त्याच्या आहेत. बाळ राहील की नाही हे आज सांगता येणार नाही. हिमोग्लोबिन साडेसहा आहे. आजच भरती करा."

मी ठोक्यांकडे बघत होते. आक्काने विचारलं, "कवाचं हाय ते?"

"एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात राहिलंय. चार-पाच दिवस इकडे-तिकडे."

आक्काचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. दोनदा मोजलं तिने. मग उठली आणि डॉक्टरांना म्हणाली, "कपरे घेऊन येताव."

कपडे आणायला घरी गेलो ते तीन दिवस घरीच.

हॉलमध्ये सगळे बसले होते. मी सोफ्यावर पोट दाबून. आक्का म्हणाली, "माझा पोरगा देवलान व्हता. तू चटईवर व्हतीस. मंग ह्ये कोनाचं हाय?"

मी प्रितेशकडे पाहिलं. तो मोबाइलवर बोट फिरवत होता.

"प्रितेश, बोल."

"काय बोलू? मी देवळात होतो." मान वर न करता.

सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"गोली मिलते," आक्का म्हणाली. "दोन दिसान मोकली होशील. गावाला सांगू, गाठीन गेलं."

तेव्हाच का नाही बोललीस, असं कोणी विचारेल. मला त्याच्या तोंडून हवं होतं. बाईने सांगितलं तर तो बाईचा कांगावा. पोराला बाप हवा तर बापाने तोंड उघडायला पाहिजे, एवढं साधं गणित होतं माझं. तीन दिवस मी त्याच्या तोंडाकडे बघत काढले. तो जेवला, झोपला, गोदामाच्या गेटवर जाऊन आला. कळ आली की मी टॉवेल तोंडात कोंबायचे.

चौथ्या दिवशी सकाळी रस्त्यावर आले आणि रिक्षाला हात केला. रिक्षावाल्याने आरशातून एकदा पाहिलं. "भाभी, गड्ढे बहुत हैं. धीरे लूँ?" त्या चार दिवसांत मला काय पाहिजे हे कोणी विचारलं असेल तर त्याने. मी रडायला लागले, तो बिचारा घाबरला.

हॉस्पिटलात कागद पुढे आला. मी विचारलं, "नवरा नाही आला. माझी सही चालते?"

डॉक्टर नीरजा म्हणाल्या, "तुमचीच लागते."

रक्ताची बाटली लागली. ठोके अजून चालू होते. डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. गाठ शांत झाली तर ठीक, नाही तर नाही, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला प्रितेश आला. स्टूल ओढून कानाशी बसला.

"कसं आहे?"

"कोण? मी, मोसंबी का तुझं पोर?"

"हळू बोल ना." त्याने शेजारच्या खाटेकडे पाहिलं. "मी विचार केलाय. डॉक्टरांनी तारीख पंधरा दिवस पुढे लिहिली तर? पालखीनंतरची. तेव्हा मी घरी होतो, तूही चटईवरून उठली होतीस. पोराला नाव मिळेल, मान पण राहील. कोणाचंच काही जात नाही."

खरं सांगते, मला ते बरं वाटलं. पोट सारखं आवळत होतं, अंगात दुसऱ्या कोणाचं रक्त चाललं होतं, आणि फक्त एका आकड्याने सगळं गप्प होणार होतं. मी हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही.

डॉक्टर नीरजा राउंडला आल्या तेव्हा त्यानेच विषय काढला. "मॅडम, तारीख जरा ॲडजस्ट झाली तर..."

"तारीख मी ठरवत नाही. बाळाच्या डोक्याच्या मापावरून कळते."

"तेच, थोडंसं."

"डोकं ॲडजस्ट करू का?" म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसली.

तेवढ्यात आक्का आली. डबा ठेवला, घाम पुसला, माझ्या पायाशी बसली. प्रितेशने मान हलवून सांगितलं, जमलं नाही. आक्का माझ्याकडे झुकली. मग अगदी हळू म्हणाली, "त्याचंच हाय. मना म्हाईत हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सकाली धुतलेला धोतर नेसून गेलेला मानकरी दुपारी बादलीन धोतर टाकतो कशाला? मीच पिललं त्ये. मीच वालत घातलं."

"मग हॉलमध्ये मला रांड ठरवत होतात तेव्हा?"

"तवा तुझा सासरा बसला व्हता. मान त्याच्या बापाचा हाय." तिने माझ्या पायावर हात ठेवला, मायेने ठेवला, हेच वाईट. "पोर काय, आजून व्हईल गो. मान येकदा काळूरामच्या दारान गेला की परत न्हाय येत. जरा समजून घे. सोडून दे ह्ये पोर. मंग तुला मी सोता गाठी काढाला नेतंय."

पोर दिलं तर ऑपरेशन. दोन वर्षं मी जे मागत होते, ते आता मिळत होतं. प्रितेश खिडकीतून खाली बघत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

"प्रितेश, शेवटचं विचारते. तुझ्या बापाला सांगशील?"

"आक्का बोलतेय ना तुझ्याशी," तो म्हणाला.

माझा मोबाइल उशाखाली होता. मी नंबर लावला.

"कोणाला लावतेस?" प्रितेश वळला.

"हौसाकाकी? मी विनिता. काळूरामकाका घरात आहेत का? असतील तर स्पीकरवर टाका."

"हायेत, हितंच हायेत. काय झालं गो बाय, तब्येत कशी हाय?"

आक्काने झडप घालून माझं मनगट धरलं. तोच सुईचा हात होता. नळीत रक्त उलटं चढलं. मी दुसऱ्या हाताने मोबाइल कानाशी घट्ट धरला.

"चैत्रात, पालखीच्या पाळणुकीत, दहाव्या दिवशी, दुपारी," मी म्हणाले. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले. "प्रितेश देवळात नव्हता. माझ्याजवळ होता. मी नको म्हणाले तरी होता. माझ्या पोटात त्याचं पोर आहे."

प्रितेश स्टुलावर बसला. आक्काचा हात सुटला. आता त्या घरात मला कोणी घेणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. पोट पुन्हा आवळलं.

पलीकडून काळूरामकाकाचा आवाज आला, "कवा म्हनलीस? परत सांग."

मी परत सांगितलं. पहिल्यापासून, माझं खोटंही धरून.