पलीकडची खुर्ची

…रेघ वरच्या बाजूला आहे, म्हणजे बंद. शेगडीच्या बटणावरची ती पांढरी रेघ निम्मी पुसली गेली आहे, पण उरलेली निम्मी आहे वरच – तिने बोटाने चाचपून पाहिलं, मग वाकून वास घेतला, मग स्वतःच्या वाकण्याचीच लाज वाटून ती सरळ झाली. बंद आहे हे तुला कसं माहीत? रेघ दिसते म्हणून. रेघ वर असली की बंद, हे कशावरून? कुणीतरी कधीतरी सांगितलं म्हणून… गेले काही महिने डोक्यात हे असंच चालतं. ज्ञान म्हणजे काय, या विषयात संशोधन करायला आलेल्या माणसाची साधी शेगडीसुद्धा सुखाने बंद होत नाही.

दार ओढून घेऊन ती जिना उतरली. दुपारी तिचं पहिलं मांडणीचं सत्र होतं. विभागाची रीत अशी, की नव्या विद्यार्थ्याने अर्धा वेळ आपला दावा मांडायचा आणि मार्गदर्शक बाईंनी टेबलावर टकटक केलं की उठून समोरच्या खुर्चीत जाऊन बसायचं, तिथून स्वतःचाच दावा मोडायचा – आणि तोही मनापासून. लुटुपुटूचा आक्षेप घेतला तर मागे बसलेली जुनी मुलं बाकं वाजवतात. नोंदणी पक्की होते ती त्या पलीकडच्या खुर्चीवरून. पहिल्या खुर्चीत कुणीही शहाणंच दिसतं, असं बाई म्हणतात.

तिचा दावा साधा होता. एकमेकांवर अवलंबून नसलेली माणसं एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती खरी मानायला आपल्याला पुरेसा आधार असतो. आणि उदाहरण तर घरचंच होतं, इतकं पक्कं की ते शोधावंही लागलं नाही. ती पाच वर्षांची, दादा नऊ वर्षांचा, कांजिण्यांच्या तापाने फणफणलेला, आतल्या खोलीत झोपलेला. आई नर्स, ड्यूटीवर. गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि गॅस तसाच सुटत राहिला. छोट्या बहिणीला वास आला, तिने रडून ओरडून दादाला उठवलं, ओढत बाहेर पायरीवर आणलं. आई आली तेव्हा दोघं पायरीवर बसलेली. तेव्हापासून घरात तिचं नाव भोंगा. दादा आजही तिला भोंगाच म्हणतो, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्याच्या मित्रांसमोरसुद्धा – "ही आमची भोंगा, ही नसती तर मी भिंतीवरच्या फोटोत असतो." आणि हसत हसत तो गेली सहा वर्षं तिच्या शिक्षणाचा भार उचलतो आहे, स्वतःचं लग्न पुढे ढकलत. कुणी टोकलं तर म्हणतो, आयुष्य तिनेच दिलंय, त्यातलं थोडं तिला परत गेलं तर काय बिघडलं.

…आणि काल संध्याकाळी मावशीचा फोन. असाच, इकडचं तिकडचं. "काय गं वाचणार आहेस उद्या?" म्हणून तिने कौतुकाने सगळं सांगितलं, आणि मावशी म्हणाली, "अगं, पण तू कुठे होतीस तेव्हा घरी? दादाला कांजिण्या आल्या म्हणून तुला मी घेऊन आले नव्हते का माझ्याकडे? चांगली पंधरवडाभर होतीस. माझ्या उशीला शेंबूड पुसायचीस." आणि मग दूध, भाव, गुडघे यांवर गेली, जणू काही झालंच नाही.

सिग्नलला उभं राहून तिने दिवा बदलताना पाहिला आणि रस्ता ओलांडायचं विसरली. मावशीला विसर पडतो, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. पण नर्स असलेली बाई कांजिण्या झालेल्या मुलाशेजारी पाच वर्षांचं लेकरू ठेवील का? हा प्रश्न मावशीच्या विसराळूपणावर अवलंबून नाही. तो आपल्या पायावर उभा आहे, हलत नाही. पण मला आठवतं ना. मला दिसतं – ओट्यावरून ओघळलेलं दूध, दादाच्या मानेवरचे फोड, पायरीवर दोघं, आणि मी पिवळ्या फ्रॉकमध्ये, पाठमोरी… पाठमोरी. मी मला पाठमोरी कशी दिसते? कोण बघतंय मागून?

बरं, आठवण जाऊ दे, साक्षीदार आहेत की. आई. पण गोष्टीत आई घरात नव्हतीच, तिला हे सांगितलं कुणी – तर मी. दादा? तो तापात ग्लानीत होता, त्याला सांगितलं आईने. मला? आईने, दादाने, सगळ्यांनी, पुन्हा पुन्हा, पाहुण्यांसमोर. तिघं एकमेकांकडे बोट दाखवत गोल उभे आहेत आणि त्या गोलात मधे कुणीच नाही. अशी चूक पहिल्या वर्षाच्या मुलाने केली असती तर तिने लाल पेनने समासात रेघ मारली असती. एकच साक्ष तीनदा मोजली आणि तिला आधार म्हटलं. आणि दूध… दूध गॅसवर ठेवलं कुणी? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनेही नाही, जी विचारण्याचंच शिकते आहे.

अजून वेळ होता. दुसरा एखादा आक्षेप घ्यायचा, आठवणी पुसट होतात वगैरे, बाकं वाजली तर वाजू देत… विभागाच्या दारात दादा उभा होता. हातात हेल्मेट, नखांत ग्रीस, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"अर्धा दिवस रजा टाकली," तो म्हणाला. "भोंगा वाजणार आणि मी नाही ऐकायचा?"

तिने त्याला आत नेऊन शेवटच्या बाकावर बसवलं.

पहिल्या खुर्चीत ती काय बोलली ते तिला नीट कळलं नाही. समजा एक मुलगी आहे, असं ती म्हणाली आणि शेवटच्या बाकावर दादाने शेजारच्या अनोळखी पोराला कोपर मारलं – हीच ती. त्याचा चेहरा इतका उजळला की तिने कागदात मान घातली. मग टकटक. ती उठली. मधलं अंतर दोन पावलांचं असेल नसेल. पलीकडच्या खुर्चीतून शेवटचं बाक अगदी समोर येत होतं, हे तिने आधी कधी लक्षात घेतलं नव्हतं.

गप्प राहता येतं. आठवणी पुसट होतात. म्हण. एवढंच म्हण आणि घरी जा, नोंदणी काय, पुढच्या खेपेला होईल… पण मग त्याच्या शेजारी जेवताना, तो भोंगा म्हणताना, मला काय वाटेल?

"ती मुलगी," ती म्हणाली, "त्या दिवशी त्या घरात नसावी." मग तिने सगळं सांगितलं – कांजिण्या, मावशीकडे नेलेलं लेकरू, गोल उभे साक्षीदार, पाठमोरा फ्रॉक. बाक वाजलं नाही. दादाकडे ती बघत नव्हती. बाई तिच्याकडे बघत होत्या, पेन खाली ठेवून.

"मग मुलाला उठवलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"हे उत्तर आहे की पळवाट?"

"तेही माहीत नाही," ती म्हणाली, आणि मागची मुलं हसली, तशा बाईही हसल्या. नोंदणी झाली.

बाहेर कठड्याशी दादा दोन पेले चहा घेऊन उभा होता. ती काही बोलायच्या आत त्याने एक पेला तिच्या हातात कोंबला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं, पण तो हसत होता.

"मावशीचं काय घेऊन बसलीस. तिला काल काय जेवली ते आठवत नाही."

"दादा, मी खरंच…"

"थांब. पुरावा पाहिजे ना तुला? घे." तो कठड्याला टेकला. "हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला ते ओरडणं-बिरडणं आठवत नाही. फक्त एवढं आठवतं, की कुणीतरी मला काखेत धरून ओढतंय आणि माझ्या कानाला घड्याळ लागलंय. टिकटिक टिकटिक, कानात. आणि रडतंय. हे काही आईने सांगितलेलं नाही, हे माझं स्वतःचं आहे. म्हणजे होतीस की नाही तू?"

चहावर साय धरत होती. पाच वर्षांच्या मुलीच्या मनगटावर घड्याळ नसतं. घड्याळ असायचं आईच्या मनगटावर, जाड पट्ट्याचं, नाडी मोजायचं. दुहेरी ड्यूटी करून आलेल्या बाईला दूध तापत ठेवून डोळा लागू शकतो… आणि जाग आल्यावर, मुलाला बाहेर काढल्यावर, ती जगाला काय सांगेल? ती सुटका कुणाच्या नावावर करेल, म्हणजे दूध कुणी ठेवलं हे कुणी विचारणारच नाही?

हा फक्त तर्क आहे. घड्याळाची आठवणही कुठून तरी आलेली असू शकते. ती हे स्वतःला सांगत होती. सकाळपासून तिला स्वतःसाठी भीती वाटत होती. नोंदणी, दादा, भोंगा हे नाव, सगळं हातातून जाईल म्हणून. ती भीती कुठे गेली ते कळलं नाही. तिच्या जागी आई होती – पाहुण्यांसमोर ती गोष्ट सांगणारी, दर वेळी शेवटी पदराने… नाही, पालथ्या हाताने डोळे पुसणारी, आणि सगळे म्हणणार, बघा, अजून आठवण काढून रडते.

"मग?" दादाने विचारलं. "पटलं ना?"

"हो," ती म्हणाली.

काय पटलं, ते त्याने विचारलं नाही. तेवढ्यात तिचा फोन थरथरला आणि त्याने वाकून पडद्यावर पाहिलं. "आई आहे. कसं झालं विचारत असेल. उचल ना."

फोन हातात थरथरत राहिला, आणि ती आईशी पहिलं वाक्य काय बोलायचं ते शोधत राहिली.