खटका न पाडलेला ड्रम

मी एक जुना स्नेअर ड्रम आहे, मित्रांनो. माझं अंग पितळेचं आहे. वर एक जाड पडदा आहे, खाली एक पातळ पडदा आहे आणि त्या पातळ पडद्याला चिकटून बारीक वळणदार तारांचा एक पट्टा आहे. वरून काठी पडली की आतली हवा खालच्या पडद्याला ढकलते, पडदा तारांना ढकलतो आणि तारा थरथरतात. म्हणून माझा आवाज नुसता ‘ठप्प’ असा येत नाही, ‘ठर्र’ असा येतो. याच आवाजापायी माझ्यावर अन्याय झाला आणि मी त्याचा सूड घेतला. सूड घेणं वाईट, असं तुम्हाला शिकवलेलं असेल. असू दे. आधी ऐका तर खरं.

मला एका कारागिरानं घडवलं. तो पत्र्यावर हातोडी मारायचा, कान लावून ऐकायचा आणि पुन्हा मारायचा. तिथून मी वाद्यांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं यायची, मला धडाधड बडवायची आणि निघून जायची. मग एक दिवस ताई आली. तेव्हा ती कॉलेजात होती. तिनं एकच फटका मारला, तोही अगदी हलका, आणि मान वाकडी करून उभी राहिली.

“आवाज येत नाहीये का?” दुकानदारानं विचारलं.

“येतोय. कुठपर्यंत येतोय ते बघतेय,” ती म्हणाली.

मी त्याच दिवशी तिच्याबरोबर गेलो. पुढची कित्येक वर्षं आम्ही संमेलनं गाजवली, स्पर्धा जिंकल्या, दोन-तीन हरलोही. घरी सराव सुरू झाला की शेजारचे काका भिंत ठोकायचे. पण ते नेमके ठेक्यात ठोकायचे, त्यामुळे ताईला उलट सोबतच व्हायची.

ताईला एक धाकटा भाऊ आहे. तो सतत आवाजाची मापं सांगत फिरायचा, म्हणून ताईनं त्याचं नाव डेसिबल ठेवलं होतं. ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेऊन आल्यावर त्यानं त्याच्या घरामागच्या अडगळीच्या खोलीत स्टुडिओ उभा करायचं ठरवलं. खोली लहान, भिंती उघड्या. टाळी वाजवली की ती पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखी खणखणायची. मग बहीण-भावानं लाकडी चौकटी ठोकल्या, त्यांत लोकरीसारख्या दाट गाद्या भरल्या आणि वर कापड शिवलं. कापड सगळं ताईनं शिवलं. एक चौकट भिंतीवर चढली की डेसिबल टाळी वाजवायचा. दर वेळी टाळी थोडी लवकर मरायची. जाड, खर्जातले आवाज कोपऱ्यांत जाऊन साचतात, म्हणून कोपऱ्यांत सगळ्यांत जाड गाद्या बसल्या. फक्त दाराचा कोपरा उघडा राहिला, कारण तिथे गादी लावली असती तर दार पुरतं उघडलं नसतं.

खोली तयार झाल्यावर एका दुपारी तो म्हणाला, “ताई, मायक्रोफोन तपासायचेत. सुटे सुटे फटके दे. मध्ये अगदी चिडीचूप.”

ताईनं अख्खी दुपार दिली. आधी काठीनं नुसतं शिवल्यासारखं, मग थोडं जोरात, मग आणखी जोरात. मधे, काठाजवळ, काठावरच्या धातूच्या कडीवर. तिच्या मनगटात इतक्या वर्षांत जे जे साठलं होतं ते सगळं त्यानं एकेक करून टिपून घेतलं. तिला वाटलं, तपासणी चाललीय. मलाही तसंच वाटलं.

त्यानंतर त्यानं तिला वाजवायला बोलावलंच नाही. तिचे सुटे फटके संगणकात जोडून त्यानं एक गाणं केलं. गाणं बऱ्यापैकी चाललं. त्यावर ‘ड्रमवादन’ या शब्दापुढे नाव लागलं ते त्याचं.

ताई आली ती हेल्मेट हातात घेऊनच.

“स्कूटर दुरुस्तीला नेली होती, त्या गॅरेजमध्ये गाणं ऐकलं तुझं. ड्रम कोणी वाजवलेत?”

“मशीननं.”

“मशीनच्या हातात काठ्या कोणी दिल्या?”

“ताई, फटके सुटे होते. ठेका मी बांधला. मग नाव माझंच लागणार ना?”

“म्हणजे विटा माझ्या आणि घर तुझं?”

“इमारतीच्या पाटीवर गवंड्याचं नाव कुणी लिहितं का?”

हे तो बोलला आणि ताईनं हेल्मेट डोक्यावर चढवलं. मित्रांनो, मी जोरात बडवला गेलोय, पण असा फटका मी कधी खाल्ला नव्हता.

ती निघताना त्यानं गोड आवाजात विचारलं, “ड्रम राहू दे ना इथे. अजून थोडे आवाज घ्यायचेत.”

“ठेव,” ती म्हणाली. “माझं नाव घालशील तेव्हा नाव आणि ड्रम दोन्ही घेऊन जाईन. अर्धं मला नको.”

ती गेली आणि माझे हाल सुरू झाले. डेसिबलनं मला चार दिवस स्वतः वाजवून पाहिलं, त्याला ते जमेना, आणि त्यानं मला स्टँडसकट दाराच्या कोपऱ्यात लोटून दिलं. तो माझ्यावर हेडफोन टाकायचा, चार्जर टाकायचा. चहाचा कप ठेवायचा. माझ्या पांढऱ्या पडद्यावर तपकिरी गोल उमटले. मी एकेक गोल मनात धरून ठेवला.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो. माझ्या कुशीला एक खटका असतो. तो वर केला की तारा पडद्याला चिकटतात, पाडला की सुटतात. वाजवणारा माणूस काठ्या खाली ठेवताना आपसूक खटका पाडतो, जसा आपण खोलीतून निघताना दिवा बंद करतो. डेसिबलला ही सवय नव्हती. असणार कुठून? तारा तशाच चढलेल्या ठेवून त्यानं मला अशा कोपऱ्यात उभं केलं, जिथे खोलीतले सगळे जाड आवाज येऊन साचत होते. प्रत्येक ड्रमचा स्वतःचा असा एक सूर असतो. दुसऱ्या कुणी तो सूर लावला की हात न लागताही ड्रम थरारतो. मला फक्त त्या सुराची वाट पाहायची होती.

तो सूर एक वयस्कर गायिकाबाई घेऊन आल्या. बाईंचं नाव मोठं होतं. त्यांच्या गाण्याचं काम मिळालं तर डेसिबलच्या खोलीला दिवस बरे येणार होते.

“मागच्या गाण्यातले ड्रम मला फार आवडले, म्हणून आले,” बाई म्हणाल्या. “तूच वाजवलेस ना?”

“हो.”

हे ‘हो’ तो माझ्या देखत म्हणाला.

“मग माझ्याही गाण्यात वाजव. आधी माझा आवाज घेऊन टाक.”

बाई गायला लागल्या. त्यांच्या ओळीचा शेवट खालच्या एका सुरावर व्हायचा आणि तिथे त्या बराच वेळ थांबायच्या. सूर लागला आणि मी माझ्या तारा थरथरू दिल्या. सर्रर्रर्र.

डेसिबलनं मुद्रण थांबवलं. दिवा हलवला. खिडकीची कडी घट्ट केली. पंखा तर बंदच होता, तरी त्यानं तो पुन्हा बंद केला. बाई गायल्या. सर्रर्रर्र. त्यानं वायरी बदलल्या, चौकटींचे स्क्रू आवळले, टाळ्या वाजवून पाहिल्या. टाळ्यांना मी कशाला उत्तर देईन?

“माझा गळा बिघडलाय का?” बाईंनी विचारलं.

“छे छे, बाई. खोलीत काहीतरी आहे.”

शेवटी माझ्यामागची भिंत तपासायला त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं. त्याची बोटं खालच्या पडद्यावर दाबली गेली आणि माझा श्वासच कोंडला. बाई गायल्या. आवाज आला नाही.

“सापडलं,” तो म्हणाला. “भिंतीचा ढलपा सुटलाय.” त्यानं भिंतीवर चिकटपट्टी लावली आणि मला परत खाली ठेवलं. पुढच्या ओळीला मी दुप्पट हौसेनं सरसरलो.

बाईंनी हेडफोन काढले. तो सूर हळू आवाजात गुणगुणत त्या खोलीभर फिरल्या आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या. वाकून त्यांनी खटका पाडला. पुन्हा सूर लावला. आवाज स्वच्छ.

“तू ड्रम वाजवतोस ना रे?”

“हो, म्हणजे… तसा…”

“माझी सगळी हयात ड्रमवाल्यांशेजारी उभं राहण्यात गेली. एक जण तर इतका विसराळू होता, की चप्पल विसरून अनवाणी घरी जायचा. पण तोही खटका पाडून जायचा.” त्यांनी माझ्यावरचा कप उचलून त्याच्या हातात दिला. “बस. वाजव.”

तो बसला. मित्रांनो, मोठ्या सभागृहात वाईट फटकाही भिंतीच्या नादात मिसळून बरा वाटतो. या खोलीतल्या भिंती काहीच झाकत नाहीत. तशा त्या त्यानंच बांधल्या होत्या. त्याची काठी एकदा कडीवर आपटली, एकदा घसरली, एकदा उशिरा पडली. मी त्याला बरा असा एकही आवाज दिला नाही. डबा वाजावा तसा वाजलो आणि मनापासून वाजलो.

“हे हात त्या गाण्यातले नाहीत,” बाई म्हणाल्या. “कुणाचे आहेत?”

“ताईचे,” तो पुटपुटला. पुटपुटणंही त्या खोलीत लख्ख ऐकू येतं.

“मग गाण्यावर तिचं नाव का नाही?”

त्यानं काठ्या खाली ठेवल्या.

“तिला बोलाव. ती आली तर गाते, नाहीतर निघते.”

ताई आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, चहाच्या गोलांवरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाली, “आधी नाव.”

डेसिबल संगणकापुढे बसला. मागे ताई उभी, ताईशेजारी बाई उभ्या. ‘ड्रमवादन’ या शब्दापुढचं स्वतःचं नाव त्यानं स्वतःच्या बोटांनी एकेक अक्षर पुसलं आणि तिथे बहिणीचं लिहिलं. ती टकटक मी आजवर ऐकलेल्या सगळ्या ठेक्यांत उजवी होती.

मग बाईंच्या गाण्यासाठी मी खोलीच्या मधोमध आलो. ताईनं माझे पडदे बदलले, चाव्या फिरवून मला सुरात आणलं आणि भावाला सांगितलं, “वरचा मायक्रोफोन ठीक आहे. तारांचा आवाज हवा असेल तर खालूनही एक लाव.”

खालचा मायक्रोफोन लावायचा तर गुडघ्यांवर बसावं लागतं, मान वाकवून माझ्या पोटाखाली डोकं घालावं लागतं. तो बसला.

“थोडा डावीकडे,” ताई म्हणाली. “नको, उजवीकडे. आता जरा मागे.”

मला तर तो पहिल्याच जागी बरोबर वाटला होता. ताईलाही वाटला असावा.

तर मित्रांनो, वस्तू जपा. वाजवून झालं की खटका पाडा, कुणाच्या पडद्यावर चहा ठेवू नका, आणि ज्याचा हात राबला त्याचं नाव पुसून आपलं लिहू नका. ताईनं आता मला घरी नेलं आहे. भावाला तिनं माफ केलं आहे. परवा तो घरी जेवायलाही येऊन गेला. मी मात्र अजून माफ केलेलं नाही. बाईंचं आणखी एक गाणं ठरलं आहे, आणि त्यातही तारांचा आवाज हवा, असं त्यांनी आधीच कळवलं आहे. म्हणजे खालचा मायक्रोफोन आलाच.